अर्ध्या तासाने, त्याच जागी

साडेचारची सभा. विषय क्रमांक एक :
मागील इतिवृत्त वाचून कायम करणे.
वाचणारा मी, कायम करणाराही मीच.
गिरपमास्तर येतो म्हणाले होते,
पण त्यांना आणायला चाकांची खुर्ची लागते
आणि ती आपलीच, नंबर चार,
त्यांच्याच सहीने गेलेली.
परतीच्या तारखेपुढे त्यांनी नुसती रेघ ओढलीय.

वेंगुर्ल्यात, बंदराच्या रस्त्याला,
बर्फाच्या कारखान्यामागची ही खोली.
वॉकर अकरा, पाण्याच्या गाद्या तीन,
आणि एक वर-खाली होणारी खाट,
जिचा दांडा फक्त इनास फर्नांडिसला फिरवता येई.
इनास गेला.
खाट तेव्हापासून अर्धी उठून बसलेली,
कुणीतरी हाक मारल्यासारखी.

एकोणतीस वर्षं आम्ही सातजण.
तिघे गेले, दोघे मुलांकडे, पुण्याला नि मस्कतला.
कागदावर अजून सातच :
धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्टावर
बदल अर्ज मंजूर होईपर्यंत
कोणी मरत नाही.

मुली मात्र बदलत राहिल्या.
(पगार म्हणायचं नाही, मानधन.)
पहिली लग्न होऊन कुडाळला.
मग शबाना मुकादम, जिच्या काळात
गाद्यांना कधी वास आला नाही.
मग दोघी, नावं वहीत असतील.
शेवटची वैदेही आरोसकर.
तिनं फोनवर सगळ्या सामानाची यादी केली,
कुठली काठी कुणाच्या घरी, बोट लावलं की दिसे.
आम्ही म्हटलं, छान. वहीतही लिही.

जूनमध्ये ती म्हापशाच्या इस्पितळात लागली.
किल्ली देताना म्हणाली,
"काका, मी पगारासाठी नाय जातंय.
सभेत एक खुर्ची चार वर्षां रिकामी होती.
माका कोणी बस म्हणूक नाय."
मी हसलो. खुर्च्या काय, म्हटलं,
आपल्याकडे नऊ आहेत.

गणसंख्येअभावी सभा तहकूब.
नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने, त्याच जागी,
मग गणसंख्येची अट नाही.
तेवढ्यात बदल अर्जाचा कोरा नमुना काढतो.
रकाना : बदलाचे कारण.
आजवर माझ्या अक्षरात तिथे एकच शब्द गेलाय, तीनदा.
पेन टेकवतो. 'राजी' लिहून थांबतो,
कारण खालच्या ओळीत विचारलंय :
नव्या विश्वस्ताचे नाव, वय, संमतीची सही.

मागे कारखान्यात बर्फाची लादी घसरते, थडकते.
उद्या होड्या जाणार बहुतेक.

फोनमध्ये तिचा नंबर अजून आहे,
'संस्था मुलगी ५' या नावाने.
आधी हे खोडायला हवं.
वै. दे.
बोटं जाड, अक्षरं मुंगीएवढी.
पाच वाजले. सभा पुन्हा सुरू झाली असं लिहावं लागेल.
जरा थांबा, म्हणतो मी त्या खाटेला,
दीर्घ वेलांटी सापडत नाहीये.