सहावा रकाना

रजिस्टरात अकरा रकाने आहेत.
सहाव्यात लिहायचं : पाळीव की भटका.
सातव्यात मालकाचं नाव.
सातवा माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत
जवळजवळ कोराच राहिला.

सावद्यात कुत्रे कुणाचेच नसतात.
शिळी भाकरी टाकताना असतात,
रात्री केळीच्या घडांवर कुणी हात टाकू नये म्हणून असतात,
पण पोटरीतून रक्त आलं की
‘असाच फिरतो तो, सिस्टर, गल्लीतला.’

पोरगी आली तेव्हा जखमेत तिखट भरलेलं होतं.
भुरली, वय आठ, गुलसिंग बारेलाची.
तो सालदार, माझ्याच भावाच्या मळ्यात.
पंधरा मिनिटं नळाखाली साबणानं पाय धुतला.
लाल पाणी मोरीतून गेलं, त्यात तिखट किती, रक्त किती
कुणी मोजलं नाही.
खाली चार दात उमटलेले, दोन खोल.
ती रडली नाही, माझ्या घड्याळाकडे बघत राहिली.
मी पेन उचललं आणि विचारलं, जसं सगळ्यांना विचारते,
कुत्रा कुणाचा?
गुलसिंग फरशीकडे बघून म्हणाला,
तुम्हीच लिहा, ताई.

मी लिहिलं : भटका.

तिसऱ्या दिवशी दुसरी सुई.
त्याच संध्याकाळी मी मळ्यात गेले, जिवंत आहे का बघायला.
दहा दिवस बघावं लागतं, भटका असला तर कोण बघणार?
कबऱ्या मोटारीच्या खोलीपाशी होता.
साखळी अडीच हात.
तेवढ्या गोलात गवताची काडी नव्हती,
आणि पाण्याचं टोपलं गोलाच्या बाहेर.
लोटू म्हणाला, आमचा कबऱ्या चावत नही, बाई.
पोरीनंच डिवचलं असंल.

गावात तेव्हा एकच विषय होता.
फैजपूर रोडच्या बंगल्यातला तो मोठ्या जबड्याचा काळा,
तोंडाला जाळी, गळ्यात पट्टा, लसीचं कार्ड प्लास्टिकात,
अजून कुणाला चावलेला नाही.
असल्या जातींवर बंदी घाला, म्हणून अर्ज निघाला नगरपालिकेत.
इथे पाणी देतानाही जात विचारतात,
कुत्र्याची कशी सुटेल?
अर्जावर पहिल्या पाचात लोटूची सही.

सातव्या दिवशी भुरली आपणहून बोलली.
सुई दंडात असताना, घड्याळाकडेच बघत :
मी टोपलं सरकवत होते.
एवढंच. पुढे तिनं
वर लावलेला कापूस घट्ट दाबून धरला.

मग गाडी आली. माझ्या एका शब्दावर आली,
बाजारपट्टीतल्या तीन कुत्र्यांना जाळ्यात घालून नेलं.
दोघं परतले, कानाचं टोक कापलेले.
तिसरी परतली नाही. ती वखारीमागे व्यालेली होती.
पिलांचा आवाज दोन रात्री आला.
मी दूध नेलं तेव्हा तिथे
हमाल बसले होते विडी ओढत, त्यांनी हातानं दाखवलं : नाही.

अठ्ठाविसावा दिवस आखाजीच्या दोन दिवस आधी पडला.
शेवटची सुई. भुरलीनं फ्रॉकची बाही खाली केली
आणि बापाच्या आधी बाहेर पडली.
पंखा बंद होता, लाइट गेलेली,
घामानं कागद हाताला चिकटत होता.
मी पान उलटून मागे गेले.
सहाव्यात एक आडवी रेघ मारली, शेजारी पाळीव.
खाडाखोडीला सही लागते. केली.
सातव्यात भावाचं नाव लिहायला घेतलं
तर मधे वडलांचं नाव येतं.
ते लिहिताना हात
पहिलीतल्या मुलीसारखा चालला,
अक्षर मोठं, ओळ सोडून.

यंदा आखाजीला माहेरून बोलावणं आलं नाही.
तरी मी मळ्यावरून जाते ड्यूटीनंतर.
टोपलं पायानं आत सरकवते.
साखळी अडीच हातच आहे.
कबऱ्या आधी माझ्या पायाकडे बघतो,
मग पाण्याकडे.