गेटवरची झडती

एकतीस वर्षं माझी झडती झाली.
रोज. सुट्टीत बाहेर पडलं तर पुन्हा.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, बायकांच्या गेटवर
हिराबाई लोखंडे माझा अंबाडा दाबून बघायची
आणि विचारायची, काय गं पगारे, आज डब्यात काय होतं?

तेव्हा सिक्युरिटी म्हणजे काय
ते मला अमेरिकेनं शिकवू नये.

असं मी करुणाला म्हणाले.
ती ओहायोत. तिच्याकडे रात्रीचे दहा, माझ्याकडे सकाळचे साडेआठ.
ती म्हणाली, आई, फोनवर नको.
मग फोनवर काय बोलायचं?
हवा, म्हणाली.
मी म्हटलं, निफाडला पारा पाचावर आलाय, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतायत.
ती म्हणाली, इथे बर्फ.
मग बराच वेळ आम्ही दोघी हवामान खातं.

खालच्या मजल्यावरचे दोंदे गुरुजी म्हणतात,
बाई, तुमचं मत तिथं मोजतंय कोण?
खरंय. कोणी नाही.
पण मोजायचंच म्हणाल तर मी मोजणारी होते.
बोटाला पाणी लावून ताव मोजायचे,
शंभराची थप्पी, मग पुन्हा शंभराची,
झोपेतसुद्धा अंगठा हलायचा.

एकदा एक ताव कमी भरला.
एकच. पण गेट बंद.
साहेब, फोरमन, झाडूवाली, सगळे आत.
करुणा दहा महिन्यांची, घरी शेजारणीकडे.
रात्री दोनला सापडला,
मशीनच्या पायाशी, तेलानं फरशीला चिकटलेला.
तोवर माझा ब्लाउज दुधानं भिजला होता.
हिराबाईनं झडती घेताना ते पाहिलं,
मान वळवली, आणि हात तेवढा फिरवला,
कारण हात फिरवणं तिची ड्यूटी होती.

आता माझं मत.
देशाला गेट असावं. कुलूपही असावं.
दार कशाला हवं म्हणणारे
रात्री कडी लावूनच झोपतात, मी पाहिलेत.
पण झडती घेणाराचं नाव ठाऊक असावं.
तोंडाला फडकं बांधून, नंबर नसलेल्या गाडीतून
उतरतो तो पहारेकरी, हे मला या वयात शिकावं लागलं.
आमच्याकडे कागद हरवला तर कोणी घरी जात नसे.
त्यांच्याकडे माणूस हरवतो
आणि शिफ्ट वेळेवर सुटते.

गुरुजी म्हणाले, आपल्याकडे काय वेगळं आहे?
मी म्हटलं, चहा घ्या.

रात्री झोप येत नाही, मी बातम्या लावते.
आवाज बंद करून, ह्यांची झोप मोडू नये म्हणून.
दुपारी देवळालीकडून तोफांचा सराव चालतो,
कपाटातल्या कपबशा किणकिणतात,
आणि आम्ही म्हणतो, सराव आहे, सराव आहे.
पण टीव्हीवर त्यांचं विमान कुठल्या तरी गावावरून जातं,
खाली धूर उठतो,
आणि माझ्या घरात एक कपसुद्धा हलत नाही.
खाली कोण होतं ते खालची पट्टी सांगत नाही.
पट्टीवर शेअर बाजार असतो.

पासपोर्टात आत एक विनंती छापलेली असते,
की या माणसाला अडवू नका,
लागेल ती मदत करा, सांभाळा.
इतकी वर्षं ते पान माझ्या हाताखालून गेलं.
मोजताना वाचत नाहीत, आकडा चुकतो.
वाचलं ते करुणा गेली त्या रात्री,
विमानतळावर, तिची पर्स धरून उभी असताना.
इतकी अदबीनं केलेली विनंती
मी कुणाच्या लग्नपत्रिकेतही पाहिली नव्हती.

यंदा ती येत नाही.
वकील म्हणाला, बाहेर पडलात
तर परत आत घेतील का, सांगता येत नाही.
हे तिनं मला सांगितलं नाही.
म्हणाली, सुट्टी नाही मिळाली.
तिचा आवाज मी मोजला. एक ताव कमी.

मी विचारलं, हवा कशी आहे?