हातचं राखून

दाल्काउएहून आणली मी ती, होडीत घालून,
ताडपत्रीखाली, चार दोरांनी आवळून.
बिडाचं टेबल, मधोमध एक चीर,
चिरीखाली मोटर, पट्टा,
आणि तांबेऱ्याने लाल झालेलं गोल पातं.

एदेल्मिरा बाईंनी भाव केलाच नाही.
म्हणाल्या, "ने. कोठी रिकामी झालेली बरी."
नवरा जाऊन त्यांचा वर्ष उलटलं होतं.
नोटा न मोजता त्यांनी झग्याच्या खिशात कोंबल्या.

इकडे आचाओच्या चढावर निबाल्दो ढकलत होता, मी ओढत होते.
"लग्न कर, रोसाल्बा," तो धापा टाकत म्हणाला,
"नवरा याहून हलका पडेल."

पहिलं काम, प्लग काढला
आणि टेबलावर ठेवला, डोळ्यांसमोर.
बटणावर माझा विश्वास नाही,
बटण म्हणजे नुसता शब्द दिलेला.

मग तांबेरा खरवडला, मेण घासलं.
नवं पातं चढवलं, दातांची तोंडं माझ्याकडे.
एका दातावर निळा खडू लावला,
पुढे आणून खाचेपासून त्याचं अंतर मोजलं,
तोच दात फिरवून मागे नेला, पुन्हा मोजलं.
अर्ध्या सुताचा फरक.
अर्धं सूत म्हणजे काय, विचाराल.
अर्ध्या सुतात फळी अडकते, तापते,
आणि बंदुकीसारखी उलटी सुटते
पोटाच्या उंचीवर.

चार बोल्ट सैल केले. लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं.
फरक दुसऱ्या बाजूला गेला.
पुन्हा ठोकलं. परत आला.
हातोडी ठेवली, बटाटे उकडले,
मीठ लावून उभ्यानेच खाल्ले, आणि परत भिडले.
दिवेलागणीला दात दोन्हीकडे सारखा बोलला.
गुण्या लावून पातं काटकोनात उभं केलं,
गुण्या आणि पातं यांच्यामधून उजेड येईना,
तेव्हा कुठे पाठ सरळ केली.

खालच्या खणात किल्ल्या शोधताना
हाताला पुडकं लागलं.
आत पात्यामागे बसवायची पाचर
आणि पात्यावरची टोपी.
वीस वर्षांची करवत, आणि ही दोन्ही कोरी,
एक ओरखडा नाही.

मला त्यांच्या स्वयंपाकघरातले फोटो आठवले.
धक्क्यावर, लग्नात, चर्चच्या पायरीवर
दोन फाबियान, रुंद हसणारा,
डावा हात प्रत्येक वेळी कोटाच्या खिशात.
मला वाटलं होतं, ऐट.

पुडक्याचं तेल अजून ओलं होतं.
वर्तमानपत्राचा कागद
गेल्या आठवड्यातला.

पाचर बसवली. पात्याच्या ओळीत, पात्यामागे बोटभर अंतरावर.
बोटभर म्हणताना जीभ अडखळली.

सकाळी बाह्या कोपरापर्यंत, केस रुमालात, हातमोजे खुंटीला.
पातं फळीच्या वर जेमतेम दातभर.
उभी राहिले जरा डावीकडे,
त्याच्या समोर कुणी उभं राहू नये.
बटण. आधी गुणगुण, मग एकसुरी हुंकार.
मान्यिओची पिवळी फळी पट्टीला टेकवून पुढे सारली,
शेवटचा वीतभर काठीने.
लाकूड दुभंगलं, पाचरेच्या दोन्ही अंगांनी शांत चाललं,
जशी नदी बेटाला वळसा घालते.

निबाल्दो दारातून ओरडला, "एवढं हळू? हातचं राखून काम करतेस!"
हो म्हटलं. हातच राखतेय.

बंद केल्यावरही पातं फिरत राहतं,
आवाज मेला तरी दात जागे असतात.
मी उभी राहते, निळा खडू दिसेपर्यंत.
मगच तुकडा उचलते.

त्या पहिल्या फळीचा पाव कापायचा पाट केला
आणि एदेल्मिरा बाईंना पाठवला. चिठ्ठी नाही लिहिली.
तुळतुळीत घासलेल्या कडा, बस.

आज आठवा दिवस. खिडकीच्या चार चौकटी झाल्या.
ढकलायच्या काठीच्या टोकाला दोन चावे आहेत,
एक खोल.
उद्या नवी कापीन.
काठ्या पुष्कळ आहेत.