बारीक गाठ

भोंग्याआधी पाचपावलीचं फाटक ओलांडायची माय,
कमरेला भाकर, अंबाडीची भाजी,
काखेत मी.
मोहरीएवढी अफूची गोळी जिभेखाली ठेवली
की दिवसभर माझा आवाज नाही.
माझं लहानपण असं झोपेत गेलं,
साच्यांच्या खडखडाटात.

रीळखात्यात कौतिकामावशीनं तिला गाठ शिकवली:
तुटलेली दोन टोकं अंगठ्याखाली,
एक वेढा, ओढ, दातानं तोड.
"अशी मार वं, का नेसणारीले टोचू नये."

सूत जोखणारा बाबू वजनाच्या पारड्यावर बोट ठेवी.
कौतिका एकदा म्हणाली,
"बाबू, तुह्या बोटाची मजुरी कोनाच्या नावावर मांडू?"
अख्खी रांग हसली.
शनिवारी अख्ख्या रांगेला दंड.

मग नवी यंत्रं आली, बाया कमी झाल्या.
माय बिड्या वळायला लागली,
तंबाखूनं बोटं पिवळी.
झोपेत मात्र अंगठा हलायचा,
एक वेढा, ओढ.

अजून मी कुणाचंही लुगडं वाळत घालताना
हात फिरवून बघते.
कुठंच काही लागत नाही.
म्हणजे तिथं असेल.