परिशिष्ट क

माझ्या प्रबंधात ती 'उत्तरदाती क्रमांक चौदा'.
तिला हे मुळीच पटलं नव्हतं :
"चौदावी कशी? टीव्हीपुढे पहिली खुर्ची माझी होती."
म्हणून निदान इथे लिहिते, ओर्फेलिना सानुएसा,
राहणार तालकावानो,
शिंपल्यांच्या कारखान्यात एकवीस वर्षं.
त्या फेब्रुवारीत समुद्राने तिचं घर नेलं
आणि घराहून मोठी एक बोट आणून ठेवली त्याच जागी.

छावणीत सहा बाय तीनच्या लाकडी खोल्या,
फटींतून वारा, फटींतूनच शेजाऱ्याचं घोरणं.
टीव्ही एक. जनरेटर एक, तोही खोकणारा.
रात्री आठला अंपारो यायची,
द्राक्षमळ्याची मालकीण, दोन नवऱ्यांनी फसवलेली,
जिच्या मुठीत कित्येक भागांपासून
एक न फोडलेलं पत्र.
चाळीस माणसं ब्लँकेटं पांघरून
तिच्यावर ओरडायची : फोड की गं बाई!

मी कॉन्सेप्सिओनहून बसने यायचे, रेकॉर्डर घेऊन.
माझे रकाने तयार होते :
पलायन. सामाजिक आधार. शोकाचं स्थलांतर.
तिसरा शब्द माझा स्वतःचा,
मार्गदर्शकांनी त्याखाली दोनदा रेघ मारली होती.

मी विचारलं, मालिकेमुळे दुःख विसरता यायचं का?
टेपवर इथे अकरा सेकंद काही नाही,
फक्त किटली.
मग ती : "विसरायला कशाला?
दिवसभर कुणी रडत नव्हतं, पोरी.
सगळे रांगेत. पाण्याच्या, पत्र्याच्या, सहीच्या.
रडायची वेळ आठची.
ज्याचं जे असेल ते अंपारोच्या नावावर टाकायचं."

हे कुठल्या रकान्यात घालू?
तिन्हींत घातलं.
मग तिन्हींतून काढलं.

जूनमध्ये, पावसात, पेट्रोल संपलं
आणि सत्त्याऐंशीवा भाग बुडाला.
काळ्या पडद्यापुढून कुणी उठेना.
मग रिकेल्मे ड्रायव्हर म्हणाला, मी सांगतो :
पत्रात मळ्याचं खरेदीखत आहे.
कोपऱ्यातली बाई, जिचा नवरा अजून सापडला नव्हता,
म्हणाली, छे, तो जिवंत आहे, तेच लिहिलंय.
नऊ वर्षांचा ब्राउलिओ म्हणाला,
पत्रात काही नाही, वर नुसता पत्ता आहे.
आपला. जुना.
त्यावर कुणी दुसरं सुचवलं नाही.

"मिळाला तर आण तो भाग," ओर्फेलिना म्हणाली होती.
संशोधकाने असं काही कबूल करायचं नसतं.
मी केलं.
दोन वर्षांनी सान्तियागोला, वाहिनीच्या तळघरात,
हेडफोन लावून पाहिला :
पत्र त्यात नाहीच.
चाळीस मिनिटं अंपारोचा मुनीम
हरवलेला कुत्रा शोधतोय.

पेन ड्राइव्ह घेऊन टेकडी चढले.
नवं घर, पिवळा रंग, नळ ठिबकत होता.
भोपळ्याच्या पुऱ्या तळता तळता
ती मान न वळवता म्हणाली,
"ठेव तिथे, साखरेजवळ.
हल्ली आठला मला झोप येते."
आणि मला चार पुऱ्या बांधून दिल्या.
कुत्र्याचं मी सांगितलं नाही.

तोंडी परीक्षेत एकाने विचारलं,
तुमच्या निष्कर्षांची व्याप्ती किती?
मी म्हणाले, चाळीस खुर्च्या,
त्यातल्या सहा मोडक्या.
हसले ते. पास केलं.

परिशिष्ट क कुणी उघडत नाही.
तिथे तिच्या वहीचं एक पान आहे,
जनरेटरच्या वर्गणीचा हिशेब, शिसपेन्सिलीने :

रिकेल्मे, शंभर.
ब्राउलिओची आई, उधार.
पेट्रोल, पाच लिटर.
अंपारो, आजही नाही फोडलं.