चतुःसीमा

कसबा बावड्यात, कोर्टाच्या समोर,
झेरॉक्सच्या दुकानात मी वाटपाचे दावे टाइप करतो.
मगदूम वकीलबाईंनी पाठवलेल्या
शालन रेंदाळे समोर बसल्या.
पिशवीत प्रॉपर्टी कार्ड,
आणि सही न केलेलं हक्कसोडपत्र.
राखीच्या दिवशी भावानं
ओवाळणीच्या पाकिटाखालून सरकवलेलं.
बाईमाणसाला वकील फुकट मिळतो
हे बचतगटात कळलं म्हणे, दोन वर्षं उशिरा.

मिळकतीचं वर्णन : गुजरीतलं दुकान,
नऊ फूट बाय अकरा.
पूर्वेस रस्ता.
पश्चिमेस पोतदार यांची भिंत.
उत्तरेस जिना.
दक्षिणेस बोळ.
"त्या अंगाला खिडकी हाय.
खिडकीत बसून पंधरा वर्षं
साजाची पानं ओवली मी."
म्हटलं, ते लिहिता येत नाही,
चतुःसीमेत खिडकी बसत नाही.

मग पक्षकार.
वादी : त्या.
प्रतिवादी क्रमांक एक : भाऊ.
स्क्रीनकडं बघतच राहिल्या.
बरेच जण इथंच रडतात,
म्हणून पाण्याची बाटली पुढं केली.

बाटली बाजूला सारून म्हणाल्या,
"एक प्रत त्याला जाणार न्हवं?
तेवढीत अक्षर मोठं करा.
मोतीबिंदू हाय त्याला,
आन् वाचून दाखवायला
आजवर मीच हुते."

चौदाचा फाँट अठरा केला.
दावा तीन पानांनी वाढला.
त्या तीन पानांचे पैसे
त्यांनी वेगळे मोजून दिले.