हातचा

डावा रकाना मी पेन्सिलीनं लिहितो, उजवा पेननं.
डावा म्हणजे रोसारिओ, जिथं आम्ही आहोत,
जिथं पावाचा सकाळचा भाव
दुकानदार जेवून उठेपर्यंत शिळा होतो.
उजवा म्हणजे व्हिगो, स्पेनच्या समुद्राकाठी.
तिथं मिर्ताचा मावसभाऊ बासिलिओ राहतो.
आम्ही विचारलं की तो खरोखर दुकानात जातो
आणि पाटीवरचा आकडा वाचून दाखवतो.
दूध. बटाटे. बसचा पास.
आठ महिन्यांनी पुन्हा विचारलं, पास तेवढ्यालाच.
मिर्ता म्हणाली, "घड्याळ तरी पुढं सरकतं का रे तुमच्याकडं?"

टेबलावर खोडरबराचा चुरा.
आब्रिल येता-जाता फुंकर मारते,
गेल्या महिन्याचं तेल, परवाची अंडी
जमिनीवर उडतात.

भाडं: तिकडं पगाराचा अर्धा लचका.
वीज: तिकडं थंडीत विचारूच नका.
गोमांसाचा आकडा मी दोनदा वदवून घेतला,
मग मिर्ताला म्हणालो, राहू दे, मासे खाऊ.
"तुला मासे आवडत नाहीत."
"आवडतील."

मी फ्रीज दुरुस्त करतो. बावीस वर्षं झाली.
दाराला कान लावला की कळतं, कुठं गळतंय.
बासिलिओ सांगतो, तिकडं बिघडला तर
लोक तो फुटपाथवर ठेवतात आणि नवा आणतात.
पालिकेची गाडी येते, उचलून नेते. फुकट.
मी उजव्या रकान्यात लिहिलं: फुकट.
पेननंच लिहिलं.
आणि बराच वेळ त्या शब्दाकडं बघत बसलो.
त्याच्याशेजारी डावीकडं
माझी बावीस वर्षं कोरी होती.

मग मिर्तानं वही ओढून घेतली.
तिनं लिहिलं, खिडकीचे गज.
दाराचं दुसरं कुलूप, आणि तिसरं.
क्लासवरून आब्रिल उतरेपर्यंत
रोज संध्याकाळी स्टॉपवर पंचवीस मिनिटं,
पर्स पोटाशी धरून.
"याला काय भाव लावू?" तिनं विचारलं.
मी म्हणालो, तो पेन्सिलीनं लिहू नकोस.
तो कमी होत नाही.

बेरीज केली. ताळा करून पाहिला.
जायला हवं, असं वहीच म्हणत होती.
तरी मला वाटत राहिलं,
कुठल्या तरी ओळीत हातचा धरायचा राहिलाय.

तेवढ्यात जिन्यावर आब्रिल, शाळेतून,
चावी विसरलेली, आठवड्यातून दुसऱ्यांदा.
आम्ही दोघं दुपारी कामावर होतो,
खालच्या ओविदिओनं दार उघडून दिलं म्हणे,
आणि अर्धी भाकरी टोमॅटो लावून.
आमची दुसरी चावी त्याच्याकडं असते,
कॉफीच्या डब्यात, त्याच्या बायकोच्या बांगडीबरोबर.
ती जाऊन सहा वर्षं झाली.

मिर्तानं फोन घेतला.
बासिलिओ, कुलूपवाल्याचे किती होतात तिकडं?
एकशे दहा युरो. रविवारी जास्त.
ती लिहायला वाकली, मग थांबली.
बरं, तुझी दुसरी चावी कुणाकडं असते?

उत्तराला वेळ लागला.
आलं ते नऊ सेकंदांचं बोलणं,
त्यातले पहिले चार सेकंद नुसता वारा, एक मोटार,
मग त्याचा आवाज, जरा हसल्यासारखा:
"माझ्याकडंच. दोन्ही."

आम्ही ते पुन्हा लावलं नाही.
चहा थंड झाला होता, मी पाणी तापवायला उठलो.
परत आलो तर मिर्ता
माझी पेन्सिल घेऊन बसली होती.
उजव्या रकान्यात, पेनच्या सगळ्या ओळींखाली,
तिनं अगदी हलक्या हातानं लिहिलं होतं: चावी.
पुढं जागा सोडली होती
आकड्याला पुरेल एवढी,
किंवा एखाद्या नावाला.